‘योंगझेंग वांगछाओ’: एका चिनी सम्राटाची मालिका बघताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९९९ च्या जानेवारीत चीनच्या सरकारी वाहिनीवर सुरू झालेली ही ४४ भागांची मालिका. छिंग राजवंशातला सम्राट योंगझेंग (कारकीर्द १७२२ ते १७३५) तिचा नायक आहे. मी ती बघायला सुचवलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला तेच तेच प्रश्न विचारले, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे. पुढे कथेतले बरेच प्रसंग उघड होतील. चिनी प्रेक्षकाला गादी कोणाला मिळणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी तो खिळून राहिला. त्यामुळे आधी कळल्याने फारसं बिघडत नाही.

ही मालिका नेमकी कशाबद्दल आहे?

वरवर पाहिलं तर राजगादीसाठी चाललेल्या भावाभावांच्या भांडणाबद्दल. माझ्या मते ती राज्याच्या हिशेबाबद्दल आहे, आणि म्हणूनच ती इतर दरबारी मालिकांपेक्षा वेगळी ठरते.

सुरुवात होते १७०७ साली. पिवळ्या नदीला पूर आलाय, माणसं देशोधडीला लागलीयत. सम्राट कांग्शी मदतीसाठी पैसा काढा म्हणतो, तेव्हा वहीत आकडा आहे पण कोठारात चांदी नाही असं निघतं. राजपुत्रांपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांनी सरकारी खजिन्यातून उसनवारी करून ठेवलेली असते. तिथून पुढे ‘गादी कोणाला’ आणि ‘हा खड्डा कोण भरणार’ हे दोन प्रश्न एकमेकांत असे गुंततात की शेवटपर्यंत सुटे होत नाहीत. चौथा राजपुत्र यिनझन, म्हणजे पुढचा योंगझेंग, याच्या वाट्याला दरवेळी दुसरा कोणी हात लावायला तयार नसलेलं काम येतं. पुरासाठी दक्षिणेतल्या मिठाच्या व्यापाऱ्यांकडून पैसे काढ, थकबाकी वसूल कर. काम तो चोख करतो आणि प्रत्येक कामागणिक त्याचे शत्रू वाढतात.

ही केली कोणी? नट कोण आहेत?

दिग्दर्शिका हू मेई. मूळ कादंबरी अर्युए ह या टोपणनावाने लिहिणाऱ्या हनान प्रांतातल्या लेखकाची. २०१८ साली तो वारला. कांग्शी, योंगझेंग आणि च्येनलोंग या तीन सम्राटांवर त्याने मोठमोठ्या कादंबऱ्या लिहिल्या. पटकथा ल्यू हपिंगची, आणि मालिकेच्या यशाचं निम्मं श्रेय मी त्याला देईन. दरबारातल्या वादविवादाचे प्रसंग इतके घट्ट बांधलेत की पंधरा-पंधरा मिनिटं माणसं नुसती बोलत असतात आणि तरी आपण हलत नाही.

योंगझेंग झालाय थांग क्वोचियांग. १९९४ च्या ‘तीन राज्यां’वरच्या मालिकेत त्याने चूक्अ ल्यांग हा मुत्सद्दी केला होता. शांत, देखण्या भूमिकांसाठी ओळखला जाणारा हा नट इथे थकलेला, संशयी, तडफडणारा राजा उभा करतो. कांग्शीच्या भूमिकेत शांघायच्या रंगभूमीवरचा च्याओ ह्वांग आहे. त्याचा म्हातारा बाप बघण्यासाठी तरी ही मालिका बघावी. मुलांवर जीव असलेला, त्यांना पुरता ओळखून असलेला, आणि त्यांच्यातल्या एकावरही पूर्ण विश्वास टाकता न येणारा बाप त्याने नुसत्या नजरेतून दाखवलाय.

इतकी पात्रं! लक्षात कशी ठेवायची?

नावं सोडा, क्रमांक धरा. घरात आणि दरबारातही या भावांना क्रमांकानेच हाक मारतात: चौथे साहेब, आठवे साहेब. पहिल्या काही भागांसाठी सहा जण ओळखता आले तरी पुरे. दुसरा, म्हणजे युवराज यिनरंग. चौथा, आपला नायक. तेरावा यिनश्यांग, चौथ्याचा जिवलग, दिलदार आणि तापट. आठवा यिनसी, गोड बोलणारा, अर्धा दरबार ज्याच्या खिशात आहे असा. नववा आणि दहावा त्याच्या मागे. चौदावा हा चौथ्याचा सख्खा भाऊ, पण गट आठव्याचा. हे सातवं नाव झालं, पण त्याच्यावाचून कथा पुढे जात नाही.

मध्येच सगळ्या भावांची नावं ‘यिन’ऐवजी ‘युन’ने सुरू व्हायला लागतात. ही भाषांतरातली चूक नाही. राजाच्या नावातलं अक्षर इतरांनी वापरायचं नाही असा दंडक होता, म्हणून चौथा गादीवर बसताच बाकीच्यांना नाव बदलावं लागलं. तेराव्याला मात्र त्याचं मूळ अक्षर परत मिळालं, तेही १७३० साली, मरणानंतर. या भावाबद्दल योंगझेंगला काय वाटत होतं ते या एका गोष्टीवरून कळतं.

बघण्याआधी चीनचा इतिहास वाचायला हवा का?

नको. दोन गोष्टी माहीत असल्या की झालं. छिंग घराणं हान चिनी नव्हतं, ते ईशान्येकडचे मांचू. १६४४ मध्ये त्यांनी पेकिंग (आजचं बीजिंग) घेतलं. डोक्याचा पुढचा भाग तासलेला आणि मागे लांब वेणी, ही त्यांची रीत साऱ्या चिनी पुरुषांवर सक्तीची झाली. दुसरं म्हणजे कालगणना राजाच्या कारकिर्दीवर चालते: ‘कांग्शी ४६’ म्हणजे १७०७, ‘योंगझेंग १’ म्हणजे १७२३.

मराठी वाचकाला काळ डोळ्यांसमोर आणायला एक सोपी खूण आहे. मालिका सुरू होते त्याच १७०७ मध्ये इकडे औरंगजेब वारला, त्याच्या मुलांत गादीसाठी लढाई जुंपली आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले. योंगझेंगची सगळी कारकीर्द थोरल्या बाजीरावाच्या पेशवाईच्या (१७२० ते १७४०) आत बसते. दोन्हीकडे जवळजवळ पन्नास वर्षं किंवा त्याहून अधिक राज्य केलेले म्हातारे बादशहा आणि कर्तृत्ववान, एकमेकांवर टपलेली मुलं. मला हे साम्य बघताना सतत जाणवत राहिलं.

युवराजाला दोनदा का काढलं? हे खरं आहे?

खरं आहे. यिनरंगला अगदी लहानपणीच युवराज केलं होतं. १७०८ मध्ये कांग्शीने त्याला पदच्युत केलं, १७०९ मध्ये परत बसवलं आणि १७१२ मध्ये कायमचं काढलं. मालिका याला राजाच्या एका उपस्त्रीशी युवराजाचे संबंध असल्याचं निमित्त देते, ते कल्पित आहे. खरं कारण याहून गंभीर होतं: तीसहून अधिक वर्षं वारस म्हणून वाढलेल्या माणसाभोवती स्वतःचा गट, स्वतःची माणसं जमली होती, आणि बापाला आपल्याच तंबूत रात्री झोप येईना.

पुढचा भागही इतिहासातलाच. कांग्शीने मंत्र्यांना विचारलं, युवराज कोणाला करू? बहुतेकांनी आठव्याचं नाव दिलं. आठव्याला वाटलं आपण जिंकलो. म्हाताऱ्याला मात्र त्यात एवढंच दिसलं की माझ्या हयातीत माझा दरबार दुसऱ्याचा झालाय. मालिकेतला हा प्रसंग दोनदा बघा. पहिल्यांदा बोलणाऱ्यांकडे, दुसऱ्यांदा फक्त च्याओ ह्वांगच्या चेहऱ्याकडे.

योंगझेंगने मृत्युपत्रात खाडाखोड करून गादी लाटली, असं ऐकलंय. मालिका काय म्हणते?

मालिका स्पष्ट सांगते की कांग्शीने विचारपूर्वक चौथ्यालाच निवडलं. खाडाखोडीची दंतकथा अशी: मूळ हुकूम ‘चौदाव्या मुलाला गादी’ असा होता आणि ‘दहा-चार’ अशा लिहिलेल्या ‘चौदा’तल्या ‘दहा’च्या अक्षरावर रेघ वाढवून त्याचं ‘-ला’ या अर्थाचं अक्षर केलं, म्हणजे तो ‘चौथ्या मुलाला’ असा झाला. ही गोष्ट टिकत नाही. सरकारी कागदात राजपुत्राचा उल्लेख ‘सम्राटाचा चौथा पुत्र’ अशा पद्धतीने होई, तिथे मध्ये ‘सम्राट’चं अक्षर येतं आणि ही युक्ती चालतच नाही. शिवाय असे हुकूम मांचू भाषेतही लिहिले जात. तिथे रेघ वाढवून काय साधणार?

पण खाडाखोड झाली नाही म्हणजे सगळं स्वच्छ होतं, असंही नाही. आज जे मृत्युपत्र आहे ते कांग्शीच्या मृत्यूनंतर तयार झालेलं. मृत्यूच्या वेळी पेकिंगच्या बंदोबस्ताची फौज लोंगकोदोच्या हातात होती, आणि नव्या राजाचं नाव जाहीर करणाराही तोच. इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही. मालिकेने त्यातली एक बाजू निवडली, तो तिचा हक्क आहे.

वू सिदाओ हा लंगडा सल्लागार खरा होता का?

या नावाचा माणूस होता, पण तो थ्येन वनचिंग या प्रांताधिकाऱ्याचा कारकुनी सल्लागार होता. चौथ्या राजपुत्राला गादीपर्यंत पोचवणारा चाणाक्ष पंडित हे कादंबरीचं काम. मला हे पात्र मनापासून आवडतं. त्याचा सगळ्यात मोठा सल्ला असा की भांडणं न करणं हेच या भांडणातलं शस्त्र: बापाला असा मुलगा हवाय जो काम करतो आणि मागत नाही. राजा गादीवर बसल्याबरोबर वू सिदाओ निघून जायला का धडपडतो, हे तो सविस्तर सांगत बसत नाही. बघणाऱ्याला ते पुढच्या भागांत, सेनापती न्येन गंगयाओचं काय होतं ते पाहून कळतं.

सारखं चांदी, कर, तूट यांवरच का बोलतात? हे भाग टाळून पुढे गेलं तर चालेल का?

अजिबात टाळू नका. सगळा अर्थ त्यातच आहे. त्यामुळे हे उत्तर लांबलं तरी चालेल.

आधी अधिकाऱ्याची अडचण समजून घ्या. छिंग राज्यात पहिल्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा वर्षाचा पगार १८० लियांग चांदी, आणि तालुक्याच्या अधिकाऱ्याचा ४५. एक लियांग म्हणजे साधारण ३७ ग्रॅम. एवढ्यात त्याने घर चालवायचं, कारकून पोसायचे, वरच्यांना भेटी द्यायच्या. हे अशक्य होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मग वाट निघाली ती अशी. शेतकरी सारा भरायचा चांदीच्या बारीक तुकड्यांत. ते वितळवून मोठी पाटं करताना थोडी घट येते, म्हणून वर थोडी चांदी जास्त घ्यायची. ही ‘थोडी’ किती हे ठरवणारा अधिकारी स्वतःच. झालं. घट नावालाच उरली आणि वरकमाई हाच खरा पगार झाला.

योंगझेंगने काय केलं? ती वरकड वसुली चोरून चालू देण्याऐवजी उघड केली, तिचा दर बांधून दिला, पैसा प्रांताच्या खजिन्यात जमा करायला लावला आणि त्यातून अधिकाऱ्यांना मोठा भत्ता सुरू केला. सुभेदाराच्या दर्जाच्या माणसाला हा भत्ता वर्षाला दहा हजार लियांगच्या पुढे जाई. म्हणजे आधी पोटापुरतं द्यायचं आणि मग हिशेब मागायचा. इतकं साधं तत्त्व, पण त्यासाठी साऱ्या राज्याशी वैर घ्यावं लागलं.

दुसरा बदल दरडोई कराचा. जमीन असो वा नसो, प्रौढ पुरुषामागे कर पडायचा. कांग्शीने १७१२ मध्ये तो आकडा गोठवला होता. योंगझेंगच्या काळात प्रांताप्रांतांतून तो जमिनीच्या साऱ्यात मिळवला गेला. ज्याची जमीन जास्त त्याचा कर जास्त, भूमिहीनाची मान मोकळी. आणि तिसरी गोष्ट, जिच्यावरून मालिकेत खरी ठिणगी पडते: परीक्षा पास झालेल्या पंडित-जमीनदारांनाही सरकारी कामाचा आणि कराचा वाटा उचलायला लावणं. या वर्गाला पिढ्यान्‌पिढ्या सूट होती. हनान प्रांतात थ्येन वनचिंगने हा हुकूम राबवायला घेतल्यावर परीक्षार्थींनी परीक्षेवरच बहिष्कार घातला. असा बहिष्कार खरोखर १७२४ मध्ये तिथे झाला.

आता शान्शी प्रांताचा प्रसंग बघा. तिथला सुभेदार नोमिन सहा महिन्यांत सगळी तूट भरून काढल्याचं कळवतो. राजा खूश होऊन त्याला साऱ्या देशात पहिला ठरवणारी पाटी लिहून देतो. थ्येन वनचिंग तपासायला जातो, तर कोठारात चांदी खरोखरच आहे, पैसा न् पैसा जुळतो. तरी त्याला खटकतं. शेवटी उलगडतं की तपासणीपुरती चांदी व्यापाऱ्यांकडून उसनी आणलेली होती. चोरीपेक्षा हे जास्त बोचतं, कारण राजाला यश हवं होतं आणि खालच्यांनी त्याला यशाचा कागद दिला. ज्याने सरकारी कचेरीत वर्षअखेरीची धावपळ बघितलीय त्याला हे भाग फार जवळचे वाटतील.

दहावा राजपुत्र घरातलं सामान रस्त्यावर विकायला बसतो, तो प्रसंग विनोदी आहे का?

बघताना हसू येतं, पण त्यामागे डाव आहे. थकबाकी भरायला सांगितली म्हणून राजाचा मुलगा भरबाजारात भांडीकुंडी मांडतो, तेव्हा तो सांगत असतो की बघा, माझ्या भावाने मला कुठे आणलं. बदनामी वसुली करणाऱ्याची होते. याच काळात कर्जाच्या ओझ्याखाली एका म्हाताऱ्या, निष्ठावंत सरदाराचा जीव जातो. त्याने पैसे उचलले होते ते सम्राटाच्याच दक्षिण दौऱ्यांच्या सरबराईसाठी. वसुली थांबवावी लागते. योग्य काम चुकीच्या वेळी केल्यावर काय होतं, हे तरुण यिनझन इथे शिकतो.

न्येन गंगयाओने इतकी मोठी लढाई जिंकून दिली, तरी त्याला का संपवलं?

छिंगहाईमधलं लोबसांग दानजिनचं बंड त्याने १७२४ मध्ये मोडलं, तेव्हा राजाने त्याला डोक्यावर घेतलं. दोन वर्षं झाली नाहीत तोच, १७२६ च्या सुरुवातीला, ९२ गुन्ह्यांची यादी ठेवून त्याला आत्महत्येचा हुकूम मिळाला. मालिकेत त्याचा माज टप्प्याटप्प्याने दिसतो: जेवणाची मिजास, अधिकाऱ्यांना गुडघ्यावर बसवणं. राजा सैनिकांना चिलखतं उतरवायला सांगतो आणि सेनापतीच्या इशाऱ्याशिवाय कोणी हलत नाही, तिथेच त्याचा निकाल लागतो.

तरी मला वाटतं दोष एकट्या न्येनचा नाही. राजाने त्याला लिहिलेले शेरे इतके ओसंडून वाहणारे आहेत की कोणाचंही डोकं फिरावं. आधी भरमसाट प्रेम आणि मग तितकाच भयंकर राग, हा योंगझेंगचा स्वभाव होता. मालिका पहिलं कमी दाखवते आणि दुसऱ्याला कारणं देते. लोंगकोदोचंही तसंच. ज्याने गादीचा हुकूम वाचला तो १७२८ मध्ये कैदेत मेला.

मालिका इतिहासाशी किती प्रामाणिक आहे?

चौकटीला बरीच, तपशिलाला कमी. राज्यकारभारातले बदल, त्यांना झालेला विरोध आणि मोठ्या माणसांचे शेवट हे खरे. काही गोष्टी मात्र उघड कल्पित आहेत. आठवा राजपुत्र शेवटाकडे मांचू सरदारांना घेऊन भर दरबारात राजाला कोंडीत पकडतो, हा मालिकेतला सर्वांत थरारक प्रसंग, आणि तो घडलेलाच नाही. खऱ्या आठव्याची ताकद तोवर मोडलेली होती. राजाने त्याला आणि नवव्याला घराण्यातून काढलं, अपमानकारक नावं धारण करायला लावली, आणि दोघेही १७२६ मध्ये कैदेत मेले. मालिकेत परीक्षेचा पेपर फोडल्याबद्दल झांग थिंगलू या अधिकाऱ्याला कमरेतून कापण्याची शिक्षा होते. प्रत्यक्षात तो पुढे बरीच वर्षं जगला. तेराव्याची दहा वर्षांची कैदही कथेच्या सोयीने वाढवलेली आहे. च्याओ यिनदी ही तरुणी कल्पित. कादंबरीत तिच्या गोष्टीला जे भयंकर वळण आहे ते मालिकेने गाळलं, आणि बरं केलं.

मालिका राजाची बाजू जरा जास्तच घेते का?

हो, घेते. मला मालिका कितीही आवडत असली तरी हे सांगणं भाग आहे.

भावांचं भांडण अशा रीतीने रचलंय की प्रत्येक वेळी राजापुढे दुसरा मार्गच नव्हता असं वाटावं. खऱ्या भावांचा कैदेतला मृत्यू बघितला की ते तितकं सोपं राहत नाही. धाकटा होंगली (पुढचा सम्राट च्येनलोंग) निर्वेध वारस व्हावा म्हणून मोठ्या मुलाला, होंगशीला, बाजूला सारलं गेलं. १७२७ मध्ये तो मेला तेव्हा राजघराण्यातून त्याचं नावही काढलेलं होतं. आणि लेखनाबद्दलच्या शिक्षा. १७२८ मध्ये त्संग चिंग नावाच्या एका गरीब शिक्षकाने एका सेनापतीला मांचूंविरुद्ध बंड कर म्हणून पत्र पाठवलं. राजाने त्या शिक्षकाला जिवंत सोडलं, त्याच्या आरोपांना स्वतः उत्तरं लिहून ग्रंथ छापला आणि देशभर वाचायला लावला. हे थोर वाटतं. पण ज्या ल्यू ल्यूल्यांगच्या लिखाणाने त्या शिक्षकाचं मन फिरलं होतं, तो १६८३ मध्येच मेला होता, तरी त्याचं प्रेत उकरून त्याला शिक्षा दिली आणि त्याच्या कुटुंबाचा सत्यानाश केला. पुढे च्येनलोंगने गादीवर येताच त्या शिक्षकालाही मारलं आणि बापाचा ग्रंथ जप्त केला.

दुसऱ्या बाजूला एक गोष्ट मालिकेला आणखी ठळक करता आली असती. शान्शी, झच्यांग वगैरे प्रांतांत पिढीजात हीन ठरवलेले समाज होते, वाजंत्री घराणी, भिकारी म्हणून शिक्का बसलेली घराणी. त्यांना लग्नाला, परीक्षेला, धंद्याला बंदी. १७२३ पासून योंगझेंगने त्यांचा तो कायदेशीर दर्जा रद्द केला. समाजाने लगेच स्वीकारलं नाही, पण कायदा झाला. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

राजा खरंच रात्ररात्र जागून कागद वाचायचा का?

याचा पुरावा डोंगराएवढा आहे. लाल शाईतले त्याचे शेरे असलेले ४०,००० हून अधिक गुप्त अहवाल आजही शिल्लक आहेत. कित्येकांवर मूळ मजकुरापेक्षा शेरा लांब. हे अहवाल अधिकारी कुलूपबंद पेटीतून थेट राजाला पाठवत, मधल्या कोणालाही न दाखवता. त्यातला योंगझेंग कधी शिव्या घालतो, कधी आजारी अधिकाऱ्याला औषध विचारतो, कधी थ्येन वनचिंगला लिहितो की मी हा असाच माणूस आहे. एवढ्या कारकिर्दीत त्याने बापासारखे दौरे काढले नाहीत. तो टेबलापाशी बसून राज्य करणारा राजा होता.

स्त्री पात्रं इतकी कमी का?

कारण लेखकांचं लक्ष दरबारावर होतं. राजमाता तेवढी ठसते. एक मुलगा राजा झाला म्हणून दुसऱ्यासाठी रडणारी आई. बाकीच्यांना पुरेसं लिहिलेलं नाही, ही मालिकेची उणीवच आहे. याच सम्राटाचा अंतःपुरातला चेहरा बघायचा असेल तर २०११ ची ‘जन ह्वान’ची ७६ भागांची मालिका आहे. तिथे हाच राजा परका, घाबरवणारा वाटतो.

त्या काळी पेकिंगमध्ये युरोपीय पाद्रीही होते ना?

होते. चित्रकार कास्तिल्योने तीन सम्राटांच्या दरबारात होता, आणि युरोपीय केसांचा टोप घातलेल्या योंगझेंगचं चित्रही आहे. १७२४ मध्ये मात्र राजाने ख्रिस्ती धर्मप्रसारावर बंदी घातली. झुआंव मोरांव हा पोर्तुगीज जेझुईट नवव्या राजपुत्राचा माणूस होता. त्याच्याबरोबर तो पश्चिमेला हद्दपार झाला आणि १७२६ मध्ये मारला गेला. पोर्तुगिजांच्या आश्रयाखाली चीनला जाणाऱ्या पाद्र्यांची वाट लिस्बनहून गोव्यामार्गे मकावला जायची, म्हणून गोव्याच्या वाचकांनी हा धागा जरूर शोधावा. मालिकेत त्याला फारशी जागा नाही.

योंगझेंग मेला कसा?

८ ऑक्टोबर १७३५ ला, ५६ व्या वर्षी, अचानक. ल्यू ल्यूल्यांगच्या नातीने सूड म्हणून डोकं उडवलं ही लोककथा आहे. ताओ साधूंकडून घेतलेल्या धातूच्या गोळ्यांनी जीव गेला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. त्या गोळ्या तो घेत होता हे नक्की. मालिकेत तो कागदांवर मान टाकून जातो. वारसाचं नाव बंद पेटीत घालून राजवाड्यातल्या पाटीमागे ठेवायची पद्धत त्यानेच सुरू केली होती, त्यामुळे यावेळी भांडण झालं नाही. पेटी उघडली, होंगलीचं नाव निघालं.

चीनमध्ये ही एवढी का गाजली?

१९९८ मध्ये झु रोंगजी पंतप्रधान झाले होते. बुडीत सरकारी कारखाने, बँकांची थकीत कर्जं, लाचखोर अधिकारी यांच्याशी त्यांची झुंज चालू होती. रोज संध्याकाळी पडद्यावर थकबाकी वसूल करणारा कठोर राजा बघून लोकांना दुसरं कोण आठवणार? पण काही चिनी विचारवंतांनी तेव्हाच विचारलं की एका हुकूमशहाला कष्टाळू म्हणून डोक्यावर घ्यायचं का. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. ल्यू ह्वानच्या भारदस्त आवाजातलं शीर्षकगीत मात्र आवडत नाही असा माणूस मला भेटलेला नाही.

४४ भाग खूप होतात. कुठून सुरू करू?

पहिल्यापासूनच. कांग्शी जिवंत असेपर्यंतचा टप्पा सर्वांत भक्कम आहे. तेवढा बघून थांबलात तरी वेळ सत्कारणी लागेल. गादीवर बसल्यानंतर नोमिनचं प्रकरण, नाण्यांतल्या तांब्यावरून सुन च्यागान या अधिकाऱ्याचं भांडण आणि न्येनची परतयात्रा हे भाग जपून बघा. चौदाव्याच्या आणि च्याओ यिनदीच्या भागांत गती मंदावते, तिथे धीर धरा.

ही संपल्यावर पुढे काय?

ल्यू हपिंगने पुढे मिंग सम्राट च्याचिंगच्या काळावर ४६ भागांची मालिका लिहिली, २००७ साली आलेली. तीही रिकाम्या खजिन्यापासूनच सुरू होते आणि लिखाण म्हणून हिच्याही वर आहे. ती बघताना घाई करू नका. एका संध्याकाळी एकच भाग, आणि कोण कोणाशी काय बोललं ते वहीत टिपून ठेवलंत तर तिसऱ्या-चौथ्या भागापासून सगळं उलगडू लागेल.